वादळांचीं नांवें व कागदांचा कालनिर्णय

सातारा व सांगली या जिल्ह्यांस समुद्र नाहीं. तथापि सह्याद्रीपलीकडील वादळ येथें अवकाळी पाऊस होऊन पोंचतें, आणि अलीकडे तें नांव घेऊन येतें. हें नांव पुढें दप्तरें वाचणारास कसें चकवील, हें दाखविण्यापुरतें हें टिपण आहे.

दैवी प्रकोपास नांव देण्याची चाल आपल्याकडे जुनीच. दुर्गादेवीचा दुष्काळ सर्वश्रुत आहे. पुनर्वसूच्या पावसास ‘तरणा’ व पुष्याच्या पावसास ‘म्हातारा’ म्हणणारे शेतकरी अद्याप आहेत. पण हीं नांवें लोकांनीं दिलेलीं. वादळांचीं नांवें आधींच ठरलेल्या यादींतून निघतात. अमेरिकेंत १९५३ पासून स्त्रियांचीं नांवें देत. पुढें अटलांटिक महासागरांत १९७९ पासून पुरुषांचींही आलीं. बंगालचा उपसागर व अरबी समुद्र यांकरितां आठ देशांनीं ६४ नांवें दिलीं. त्यांतील पहिलें ‘ओनिल’, २००४ सालचें. एप्रिल २०२० मध्यें तेरा देशांची १६९ नांवांची नवी यादी निघाली. वाऱ्याचा वेग ताशीं ६२ किलोमीटरांवर गेला म्हणजे दिल्लीचें हवामान खातें क्रमानें पुढचें नांव देतें. एकदां वापरलेलें नांव पुन्हां येत नाहीं, म्हणून कालनिर्णयास हें साधन उत्तमच म्हटलें पाहिजे.

घोटाळा निराळाच आहे. नव्या यादींतील पहिलें नांव बांगलादेशानें दिलेलें ‘निसर्ग’. तें वादळ शके १९४२ शार्वरीनाम संवत्सरीं ज्येष्ठ शुद्ध १२, बुधवारीं (३ जून २०२०) अलिबागेनजीक किनाऱ्यास लागलें. एखाद्या खासगी पत्रांत ‘निसर्गानें छप्पर नेलें’ असें सांपडल्यास शंभर वर्षांनीं तें सामान्यनामच वाटेल! भारतानें दिलेल्या ‘जल’, ‘मेघ’, ‘सागर’, ‘वायु’ यांची गतही तीच. (वादळास ‘अग्नि’ म्हटलें, तें आमच्या कानास अद्याप रुचलेलें नाहीं, नव्या यादींतील ‘प्रभंजन’ मात्र अमरकोशांतील वायुपर्यायच आहे.)

पाठभेद याहून कठीण. मे २०२१ मधील वादळास ब्रह्मदेशानें दिलेलें नांव एका ओरडणाऱ्या पालीचें; उच्चार ‘ताउते’. इकडील वृत्तपत्रांत ‘तौक्ते’ रूढ झालें, कारण रोमन अक्षरांत ‘क’ दिसतो, पण तो उच्चारांत नाहीं. नक्कल कानानें न होतां डोळ्यानें झाली कीं असा प्रमाद होतो. मोडी पोथ्या चाळणारांस तो नवा नाहीं. तेव्हां ‘तौक्ते’, ‘तौते’, ‘ताउते’ हीं तीन वादळें मानूं नयेत.

ज्यांच्या संग्रहीं या वर्षांचीं पत्रें किंवा तासगांवकडील द्राक्षबागाइतदारांच्या वह्या येतील, त्यांनीं टपालाचा शिक्का असलेलीं पाकिटें टाकूं नयेत, व वादळाचें नांव आढळेल तेथें तारखेची चिठ्ठी घालून ठेवावी. मूळ कागदावर मात्र कांहीं लिहूं नये.