राणीच्या बागेपासून गोरेवाड्यापर्यंत : आमच्या वर्षभराच्या प्राणीभेटी

प्राणीसंग्रहालय पाहून आलेल्या माणसाला "काय पाहिलेत?" म्हणून विचारावे, तर दहातली आठ माणसे एकच उत्तर देतात, "काय बघायचे? वाघ झोपला होता!" उत्तर खोटे नाही. वाघ दिवसाचा बराच वेळ झोपतोच, आणि आपणही नेमके भर दुपारी, जेवणाचे डबे सोडण्याच्या वेळेला त्याच्या पिंजऱ्यापुढे जाऊन उभे राहतो. दोन मिनिटे थांबतो, शीळ घालतो आणि पुढच्या पिंजऱ्याकडे वळतो.

आमच्या वसाहतीतल्या सहा-सात कुटुंबांनी गेल्या वर्षी ठरवले, की महिन्यातला एक रविवार प्राण्यांसाठी राखून ठेवायचा. जमेल तेव्हा मुंबईतच, आणि बाहेरगावी जाणे झाले तर तिथली बाग पाहायची. नियम दोनच. सकाळी बाग उघडताच आत शिरायचे, आणि सगळे पिंजरे न पाहता तीन-चार निवडून प्रत्येकापुढे निदान अर्धा तास बसायचे. सुरुवातीला बच्चेकंपनी कुरकुरली. पण डिसेंबरच्या शेवटी आम्ही सगळ्यांना विचारले, की या वर्षात पाहिलेले सर्वांत जास्त काय लक्षात राहिले, तेव्हा पांढऱ्या वाघाचे नाव एकानेही घेतले नाही. कुणी काय सांगितले, ते वाचकांना कळावे म्हणून हा लेख.

सर्वांत जास्त फेऱ्या अर्थातच राणीच्या बागेच्या झाल्या. १८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन म्हणून उघडलेली ही बाग आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान या नावाने ओळखली जाते. परळ, नायगाव, डिलाईल रोड या भागांतल्या गिरणी कामगारांच्या कित्येक पिढ्यांची सुटी इथेच गेली आहे. हत्तीवरची फेरी आठवणारे आजोबा आजही घराघरांत सापडतील. २०१७ च्या ऑगस्टपूर्वी मोठ्या माणसाला तिकीट पाच रुपये होते, ते तेव्हा पन्नास झाले. आईवडील व दोन मुले अशा कुटुंबाला शंभर रुपये ठरले. सिनेमाच्या मानाने हे कमीच, हे मान्य. पण हातावर पोट असणाऱ्या माणसाला पाच आणि पन्नास यांतले अंतर मोठे वाटते, आणि दरवाढीच्या चर्चा करणाऱ्यांनी ते विसरू नये असे आम्हाला वाटते.

इथे आमच्यातल्या एका आजींना सर्वांत जास्त आवडला तो पाणघोडा. एरवी पाण्यावर नुसते कान आणि नाकपुड्या दिसतात. काही मिनिटांनी तो वर येतो, फुस्स करून श्वास सोडतो आणि पुन्हा खाली जातो. झोपेतसुद्धा हे चालूच असते. एका सकाळी मात्र दोन पाणघोडे समोरासमोर आले आणि दोघांनीही जबडे फाडले. बघणारे म्हणाले, "बघा, जांभई देतोय!" ती जांभई नव्हतीच. माझ्या जागेत येऊ नकोस, हे सांगण्याची ती त्याची रीत आहे. एवढे मोठे सुळे असलेला हा प्राणी मुख्यतः गवत खाऊन जगतो, हे ऐकून आजींचा विश्वास बसेना. पाण्याबाहेर आला की त्याच्या कातडीवर लालसर चिकट पाझर दिसतो. लोक त्याला रक्त समजतात. ते ना रक्त ना घाम. उन्हापासून कातडी राखणारा तो पाझर आहे.

पेंग्विन पाहायला गर्दी फार. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातील सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन इथे आणले. त्यांतला एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला, आणि २०१७ च्या मार्चमध्ये उरलेले सात लोकांना पाहायला मिळू लागले. पेंग्विन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. पण ही जात बर्फातली नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर ती राहते. तिथला किनारा कोरडा असतो, मात्र समुद्राचा प्रवाह थंड असतो. म्हणून त्यांच्यासाठी काचेमागे गारवा ठेवावा लागतो. आमच्या एका मुलीला काचेपलीकडे एक पेंग्विन केविलवाणा दिसला. पिसे विस्कटलेली, पाण्यात उतरायला तयार नाही. "हा आजारी आहे," म्हणून ती रडकुंडीला आली. तिथे काम करणाऱ्या दादांना विचारले, तेव्हा त्यांनी समजावून सांगितले, की वर्षातून एकदा पेंग्विनची सगळीच पिसे एकदम झडतात आणि नवी येतात. तोपर्यंत तो पाण्यात उतरत नाही. रानात असला तर या दोन-तीन आठवड्यांत तो उपाशीच राहतो, कारण मासे पाण्यात आणि हा काठावर! पुढच्या महिन्यात तिने हट्टाने पुन्हा तिथे नेले. कोणता तो ओळखू आला नाही, पण विस्कटलेला एकही नव्हता. तिच्या लेखी वर्षातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. आमच्या गृहिणींना मात्र दुसरीच गोष्ट भावली. पेंग्विनमध्ये अंडी उबवण्याचे काम नर आणि मादी पाळीपाळीने करतात, आणि ही पाळी सुमारे चाळीस दिवस चालते. घरी परतताना गाडीत या विषयावर पुरुष मंडळींना बरेच ऐकून घ्यावे लागले.

या बागेत २०२० च्या फेब्रुवारीत वाघांची जी जोडी आली, ती औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून. शक्ती आणि करिश्मा अशी त्यांची नावे. तथागतांचे नाव धारण करणाऱ्या बागेतून वाघ मुंबईला आले, याचे मराठवाड्यातल्या आमच्या पाहुण्यांना कोण कौतुक! वाघ पाहायचा तर मे महिन्याच्या सकाळी पाहावा. मांजराच्या कुळातला असूनही त्याला पाणी आवडते. उकाडा वाढला की तो मागच्या पायांनी, उलटा होत पाण्यात उतरतो आणि मानेपर्यंत बसून राहतो. पाठमोरा असला तर त्याच्या कानांमागचे पांढरे ठिपके नीट पाहून घ्यावेत.

आणि तिकिटाशिवाय राहणारे प्राणी? तेही या बागेत आहेत. उंच झाडांवर दिवसा काळ्या पिशव्या टांगाव्यात तशी वटवाघळे लटकलेली असतात, आणि संध्याकाळी बाग बंद व्हायच्या सुमारास त्यांची कुजबुज सुरू होते. गोरखचिंचेचे प्रचंड खोड पाहायला पैसे पडत नाहीत, मात्र तिकडे फारसे कुणी वळत नाही.

पावसाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने पुण्याला गेलो, तेव्हा कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय पाहिले. हे १९९९ मध्ये सुरू झाले; त्याआधी पुणेकर पेशवे पार्कात जात. इथे आमचा निम्मा दिवस सर्पोद्यानातच गेला, आणि तो सार्थकी लागला असे मी म्हणेन. आपल्यातल्या पुष्कळांची मुळे खेड्यात आहेत, आईवडील अजून तिथेच आहेत, आणि पावसाळ्यात गावाकडून सर्पदंशाची बातमी येतेच. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे हे चार साप ओळखता आलेच पाहिजेत, कारण माणसे दगावतात ती मुख्यतः यांच्याच दंशाने. नाग फणा काढतो म्हणून कळतो. घोणस जाडजूड, अंगावर साखळीसारखे ठिपके, आणि कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार. फुरसे हातभर लांबीचे, पण अंगावरचे खवले घासून करवतीसारखा आवाज करते. मण्यार काळी, अंगावर बारीक पांढरे पट्टे. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि पुष्कळदा दुखत नाही, सूजही येत नाही. सकाळी पोटात कळ येते, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली! तिथून मांत्रिकाकडे जाण्यात जो वेळ जातो, तोच जीव घेतो. या चारही सापांच्या विषावर चालणारे प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळते. मंत्राने किंवा दंशाच्या जागी कापून विष उतरत नाही.

आमच्यासोबत बारावीतला एक मुलगा होता. काचेपलीकडची मण्यार पाहून तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मग त्याने सांगितले, की सुटीत तो आणि त्याचे चुलतभाऊ गावी ओट्यावर झोपतात, त्या ओट्याखाली त्याने असलाच एक साप पाहिला होता. त्याच संध्याकाळी त्याने गावी फोन लावून आजोबांना खाटेवर झोपायला आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचायला सांगितले. शेजारच्या काचेत धामण होती. बिनविषारी, उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखणारी. तिलाही आपण काठीने ठेचतो. आणि साप दूध पीत नाही, हे तर शाळेतल्या पोरालाही कळते. तरी नागपंचमीला काय चालते, हे मी सांगायला नको.

कात्रजलाच सांबराचा नर पाहिला. शिंगांवर मऊ, लवदार कातडी होती, जणू मखमलीचा कपडा चढवला आहे. हरणांच्या कुळात नराची ही शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि नवी फुटतात. वाढत असताना त्यांवर ही कातडी असते, तिच्यातून रक्त वाहते. पाऊस सरला की ती झाडावर घासून काढतात. काळविटाचे तसे नाही. त्याची शिंगे जन्मभराची, कारण ते खरे हरीण नव्हेच, शेळ्यामेंढ्यांच्या जवळचे कूळ. मुलांनी दोघांची चित्रे वहीत काढून घेतली.

दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जाणे आमचे ठरलेलेच. गर्दी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन महाराजबागेत गेलो. भोसल्यांच्या काळातली ही बाग, आणि तिथले प्राणीसंग्रहालय १८९४ सालचे. ते चालवते डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. जागा लहान, पिंजरे जुन्या पद्धतीचे, त्यामुळे फार वेळ थांबवले नाही.

गोरेवाड्याची गोष्ट निराळी. २०२१ च्या २६ जानेवारीला सुरू झालेल्या या सफारीत माणसे जाळीच्या बसमध्ये आणि जनावरे मोकळी! तिथे अस्वलाने मजा आणली. वारुळापाशी तोंड लावून त्याने असा काही सुरका मारला, की बसमध्ये आवाज आला. अस्वलाचे वरचे पुढचे दोन दात नसतातच. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. गाडीतली लहान मुले दिवसभर तसाच आवाज करत होती. वर्षाअखेरच्या मतदानात अस्वलाला सर्वांत जास्त मते पडली, ती बहुतेक त्यामुळेच.

इथेच आमच्या कॉलेजातल्या एका मुलीने सरळ प्रश्न केला, "यांना कोंडायचा आपल्याला हक्क काय?" बसमध्ये बराच वाद झाला. गोरेवाड्यात बचाव केंद्रही आहे. विहिरीत पडलेली, आई मेलेली, माणसांच्या वस्तीत पकडलेली जनावरे तिथे आणतात, आणि त्यांतल्या काहींना पुन्हा रानात सोडता येत नाही. अशांना जागा हवी, हे तिलाही पटले. पण सिमेंटच्या ओक्याबोक्या खोलीत एकटे फेऱ्या मारणारे जनावर पाहून मुलांनी काय शिकायचे, या तिच्या म्हणण्याला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते. माझे मत तिच्या बाजूचे आहे. पिंजरे कमी असोत, पण मोठे असोत.

याच बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरअखेर तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. कोंबड्या-पक्ष्यांचा रोग वाघापर्यंत पोचू शकतो, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसला. बाहेरचे अन्न आत टाकू नका, असे कर्मचारी कळकळीने सांगतात त्यामागे असली कारणे असतात. वेफर्सची पिशवी गिळून हरीण मरते, हे तर वेगळेच. प्राणीसंग्रहालयात जनावराला खाऊ घालणे, डिवचणे, दगड मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तरी चांगल्या कपड्यांतली माणसे काचेवर ठोकताना दिसतात.

आता आमच्या अनुभवाची एक गोष्ट. वर्षभरात जे जे चांगले पाहायला मिळाले, त्यातले निम्मे पिंजरा झाडणाऱ्या, खाणे देणाऱ्या कामगारांमुळे. कोणते जनावर किती वाजता उठते, कोणाची कोणावर खुन्नस आहे, कोण आज रुसले आहे, हे फलकावर लिहिलेले नसते. ते यांना ठाऊक असते. लोक त्यांना "ए" म्हणून हाक मारतात, नाही तर मारतच नाहीत. आपल्या मुलांना "दादा", "मावशी" म्हणून विचारायला शिकवले, तर ही माणसे हातातला झाडू ठेवून दहा मिनिटे बोलतात. कात्रजला एका मावशींनी मोराची गळालेली पिसे दाखवली आणि पाऊस सरता सरता पिसारा कसा झडतो, ते सांगितले. आमच्या शिक्षक मित्राला हे आयुष्यात प्रथमच कळले.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी : राणीची बाग आणि कात्रज दोन्ही बुधवारी बंद असतात. लहान मुले असतील तर पाणी, टोपी आणि वही-पेन्सिल न्यावी. दुर्बीण नसली तरी चालते.

आमच्या मुलांनी पुढच्या फेरीची यादी आताच केली आहे. पहिल्या क्रमांकावर कात्रजचा तो सांबर. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याची शिंगे पडलेली असतील की अजून डोक्यावर असतील, यावर दोघांची चिंचेच्या गोळ्यांची पैज लागली आहे.