नरक्याचें झाड आणि क्ष-किरण

सह्याद्रीच्या ओलसर रानांत नरक्या नांवाचें एक झाड आढळतें. आम्हां नागपूरकरांच्या तें परिचयाचें नाहीं. पण त्याच्या फुलांस दुर्गंधि येते, हें नांवावरूनच वाचकांच्या ध्यानीं येईल. अशा या उपेक्षित झाडांत कॅम्प्टोथेसिन नांवाचें अल्कलॉइड असतें, व त्यापासून कर्करोगावरील औषधें सिद्ध झालीं आहेत.

हें द्रव्य प्रथम हातीं लागलें तें मात्र एका चिनी वृक्षांतून. अमेरिकेंत मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनीं सहकाऱ्यांसह तें वेगळें करून १९६६ सालीं त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी हे आपल्या खानदेशांतील नंदुरबारचे व मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. नरक्यांत तेंच द्रव्य असल्याचें १९७२ सालीं गोविंदाचारी व विश्वनाथन् यांनीं दाखविलें.

आतां, डोळ्यांस न दिसणाऱ्या रेणूची घडण कळावी कशी? कॅम्प्टोथेसिनच्या रेणूंत कार्बनचे २०, हायड्रोजनचे १६, नायट्रोजनचे २ व ऑक्सिजनचे ४ अणु आहेत, एवढें पृथक्करणानें कळतें. परंतु विटा मोजल्यानें वाड्याचा नकाशा समजत नाहीं. क्ष-किरणांच्या लहरींची लांबी अणूंमधील अंतराच्या जवळपास असल्यामुळें स्फटिकांतून जातांना ते ठराविक दिशांस विखुरतात, व फोटोच्या कांचेवर किंवा फिल्मवर ठिपके उमटतात. ठिपक्यांची जागा व प्रखरता मोजतां येते. मात्र कोणती लहर पुढें व कोणती मागें होती, ही खूण पुसली जाते. खरी अडचण हीच. तीवर युक्ति अशी कीं, रेणूस आयोडीनचा जड अणु जोडून मग त्याचे स्फटिक करावयाचे. कार्बनजवळ ६ इलेक्ट्रॉन, तर आयोडीनजवळ ५३. त्यामुळें जत्रेंतल्या हत्तीप्रमाणें तो आधीं ओळखूं येतो व त्याच्या आधारानें इतरांच्या जागा ठरवितां येतात. मॅकफेल व सिम यांनीं याच मार्गानें पांच वलयांची आकृति निश्चित केली. (शाळेंत तुरटीचा एक नितळ स्फटिक करतांनाही किती धीर लागतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच!)

या आकृतीचें महत्त्व लवकरच दिसून आलें. मूळ द्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून १९७० च्या सुमारास त्याचें पांचवें वलय उघडून केलेला सोडियमचा क्षार रोग्यांस देण्यांत आला. गुण थोडा व अपाय फार, असें होऊन ते प्रयोग थांबले. पुढें तें वलय शाबूत ठेवून अन्यत्र फेरफार करण्यांत आले. तेव्हां टोपोटिकॅन व इरिनोटिकॅन हीं औषधें निर्माण झालीं, आणि १९९६ सालीं अमेरिकेंत दोहोंस मान्यता मिळाली.

इकडे नरक्याला भाव आला, आणि कोंकणांत व घाटांत त्याच्यावर कुऱ्हाड चालूं लागली.