सायकल किती टिकते?

मागच्या पावसाळ्यात माझा रूममेट तळवड्याच्या एका चौकात सायकलसकट आडवा झाला. इंटर्नशिपसाठी तो रोज जाऊन-येऊन दहा किलोमीटर सायकल मारायचा. सिग्नल सुटला, हा पेडलवर उभा राहिला आणि चेन फ्रीव्हीलवरून सटकली. मागे ट्रेलर होता. ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून गुडघ्यावर भागलं. गंमत म्हणजे चेन कोरी होती, आदल्याच दिवशी टाकलेली!

हॉस्टेलवर लगेच निकाल लागला, "हल्लीच्या सायकली टिकतच नाहीत." पुरावा म्हणून माझी काळी सायकल दाखवण्यात आली. ती मामांची. आकुर्डीच्या कंपनीत तीस वर्षं ते तिच्यावरूनच शिफ्टला गेले. मी मामांनाच विचारलं. ते हसले. चेन चार वेळा बदललेली, रिम दोनदा, पेडल आणि छर्रे किती वेळा ते त्यांनाही आठवेना. मूळचं म्हणावं असं उरलंय काय, तर फ्रेम, चिमटा आणि घंटी.

तरी फरक आहेच. मामांच्या सायकलची चेन पत्र्याच्या कव्हरमध्ये झाकलेली आणि सरळ रेषेत चालणारी. गियरच्या सायकलची चेन अरुंद, उघडी, आणि बऱ्याच गियरमध्ये तिरकी. आपल्याकडची एमआयडीसीची धूळ त्या तेलात मिसळली की झाली ग्राइंडिंग पेस्ट तयार. आपण म्हणतो चेन ताणली. प्रत्यक्षात पट्ट्या ताणत नाहीत, आतल्या पिना झिजतात आणि पिनांमधलं अंतर वाढतं. वाढलेली चेन फ्रीव्हीलचे दातही स्वतःच्या मापाने खाते. त्या खाल्लेल्या दातांवर कोरी चेन नीट बसत नाही, जोर दिला की उडते. रूममेटचं नेमकं हेच झालं.

तपासायला फुटपट्टी पुरते. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे 24 अंतरं मिळून बरोबर 12 इंच. एक-सोळांश इंच वाढ दिसली की चेन बदला, फ्रीव्हील बहुतेक वाचतं. एक-अष्टमांशापर्यंत थांबलात तर दोन्हीचा खर्च धरा.

आता जरा मटेरिअल्सचा तास. 26 इंची चाकाचा घेर साधारण 2.07 मीटर, म्हणजे किलोमीटरला सुमारे 480 फेरे. रोज दहा किलोमीटर, वर्षाला 300 दिवस धरले तर 14 लाखांहून जास्त! प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक खाली आला की थोडा सैल होतो, वर गेला की पुन्हा ताठतो. म्हणजे जर्नलमध्ये आपण काढतो तो फटीगचा आलेख स्पोक वर्षभरात जगून दाखवतो. मुळातच सैल असलेला स्पोक हबपाशी, वाकलेल्या जागी हलत राहतो आणि तिथेच तुटतो. म्हणून नव्या सायकलचे स्पोक महिन्याभरात एकदा कसून, चाकाचा आऊट काढून घ्यावा. हे काम कोणी करत नाही. (मीही केलं नव्हतं.)

फ्रेमचं म्हणाल तर पोलादाला एक ठरावीक ताणाची मर्यादा असते, तिच्या आत कितीही फेरे चालतात. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, म्हणून त्या फ्रेमच्या नळ्या जाड ठेवतात. तरी धुताना हँडलखालच्या आणि पेडलजवळच्या वेल्डिंगला तडा दिसतो का, ते बघावं.

रूममेटने शेवटी फ्रीव्हील बदललं. जुनं माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. खाल्लेले दात कसे दिसतात ते बघायचं असेल तर रूमवर या.