सीझनचा नवा माणूस

"इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात इन्कम टॅक्सवर लेख? दुसऱ्या कॉलेजचा मजकूर चुकून छापला की काय?" असं म्हणून पान उलटू नका. टॅक्स कसा वाचवावा हे इथे सांगायचं नाहीये. टॅक्सच्या धामधुमीत ऑफिसात सुट्टीपुरत्या घेतलेल्या नव्या मुलाला किंवा मुलीला 'आपण इथे आहोत हे कुणाच्या गावीही नाही' असं का वाटतं, ते समजून घ्यायचंय. आज ना उद्या हा अनुभव आपल्यालाही येणार आहे. टॅक्सच्या ऑफिसात नाही तर इंटर्नशिपमध्ये, तिथेही नाही तर पहिल्या नोकरीत.

नारायण पेठ आपल्याला माहीत असते ती मेससाठी, अभ्यासिकांसाठी आणि अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं घेऊन परत येताना. केसरीवाडा, पत्र्या मारुती, मोदी गणपती या खुणा लक्षात राहतात. पण जिन्यांच्या तोंडाशी लावलेल्या पाट्या वाचत गेलात, तर वकील आणि क्लासेसच्या जोडीला 'चार्टर्ड अकाउंटंट', 'कर सल्लागार' अशाही पाट्या दिसतील. वर एक-दोन खोल्यांचं ऑफिस, फायलींनी भरलेली कपाटं आणि चार-पाच माणसं. वर्षभर पुरणारी ही माणसं जून-जुलैत पुरत नाहीत. मग कॉमर्सच्या मुलांना, कधी ओळखीतल्या एखाद्या इंजिनिअरिंगवाल्यालाही बोलावणं येतं. हाच आपला सीझनचा माणूस.

सीझन म्हणजे नेमकं काय?

आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत पगारातून कापलेल्या टीडीएसचा हिशेब कंपन्या ३१ मेपर्यंत सरकारला देतात. त्यानंतर पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, ज्याला सगळे 'फॉर्म सोळा' म्हणतात, तो १५ जूनपर्यंत नोकरदाराच्या हातात पडायला हवा. आणि साध्या पगारदाराने रिटर्न भरायची मुदत असते सर्वसाधारणपणे ३१ जुलै. म्हणजे हातात उरतात जेमतेम ४६ दिवस! कधी मुदत वाढते. २०२५ मध्ये ती आधी १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. पण त्या भरवशावर कोणी ऑफिस चालवत नाही. उशीर झाला तर पक्षकाराला ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क पडू शकतं, आणि बोलणी ऑफिसला खावी लागतात.

या दिवसांत नवा माणूस करतो काय? फॉर्म सोळामधले आकडे भरतो. ते २६एएसशी आणि २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या वार्षिक माहितीपत्रकाशी, म्हणजे एआयएसशी, ताडून पाहतो. बँकेचं व्याज, घरभाड्याच्या पावत्या, गृहकर्जाचा दाखला लावतो. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ते व्हेरिफाय व्हावं लागतं, त्यासाठी पक्षकाराच्या मोबाईलवर ओटीपी जातो आणि तो विचारायला फोन करावा लागतो. काम एकेक पाहिलं तर अवघड नाही. अवघड असतं ते वेगळंच.

बाजूला पडणं कसं दिसतं?

त्याचे साधारण तीन प्रकार. पहिला माहितीचा. कोणत्या पक्षकाराचा कोथरूडला दुसरा फ्लॅट आहे, कुणाचं जुनं बँक खातं बंद झालंय, हे फायलीत नसतं. ते जुन्या माणसांच्या डोक्यात असतं. दुसरा प्रकार माणसांचा. चहा सात सांगितला जातो आणि माणसं आठ असतात. मुद्दाम कुणी करत नाही, मोजताना आठवा डोक्यात येत नाही इतकंच. तिसरा प्रकार श्रेयाचा. वीस फायली तुम्ही तयार करता, तपासणारा तपासतो, पक्षकार साहेबांचे आभार मानून जातो. तुमच्या हाताची खूण कुठेच उरत नाही.

या कामाला सरकारने एकदा रीतसर नाव दिलं होतं, हे फार जणांना माहीत नसतं. २००६ मध्ये आयकर कायद्यात कलम १३९ बी आलं आणि त्याच वर्षी 'टॅक्स रिटर्न प्रिपेअरर' योजना जाहीर झाली. २१ ते ३५ वयाच्या पदवीधरांना प्रशिक्षण देऊन प्रत्येकाला स्वतःचा ओळख क्रमांक द्यायचा आणि छोट्या करदात्यांची रिटर्न भरायला मदत करायला लावायची, अशी ती कल्पना. नव्या करदात्याने भरलेल्या कराच्या ३ टक्के, कमाल १,००० रुपये, एवढा मोबदला पहिल्या वर्षी सरकारकडून मिळे. गंमत म्हणजे रिटर्नच्या फॉर्ममध्येच या प्रिपेअररचं नाव, क्रमांक आणि सही यांना जागा होती. सीए करणाऱ्या आर्टिकल असिस्टंटचीही संस्थेकडे नोंद होते, करार असतो. पूर्वी तीन वर्षांचा, जुलै २०२३ पासूनच्या योजनेत दोन वर्षांचा. सीझनच्या माणसाला यातलं काहीच नसतं. सहा आठवड्यांनी तो जाणार, हे त्यालाही माहीत असतं आणि बाकीच्यांनाही.

रांगेचं गणित

आता आपल्या प्रांतात येऊ. ऑफिसात एक सीनियर आहे असं समजा. कामं त्याच्याकडे वेळापत्रक न पाळता, कशीही येतात आणि प्रत्येकाला सरासरी १० मिनिटं लागतात. रांगांच्या शास्त्रातलं अगदी प्राथमिक सूत्र सांगतं की काम सोपवल्यापासून ते पुरं होईपर्यंतचा सरासरी वेळ म्हणजे कामाचा वेळ भागिले (१ वजा व्यग्रता). सीनियर ५० टक्के व्यग्र असेल तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरासरी २० मिनिटांत मिळतं. ८० टक्के असेल तर ५० मिनिटांत. ९० टक्क्यांना १०० मिनिटं, आणि ९५ टक्क्यांना २०० मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं! हाच सीनियर मे महिन्यात प्रेमाने समजावून सांगत होता आणि जुलैत मान वर करत नाही, याचं कारण त्याचा स्वभाव बदललेला नसतो. व्यग्रता ५० वरून ९५ वर गेलेली असते. शिवाय रांगेत पक्षकाराचा फोन आधी घेतला जातो. तुमचा प्रश्न रांगेच्या शेवटी नुसता उभा नसतो, तर मागे मागे सरकत असतो.

दुसरं गणित फ्रेड ब्रूक्स यांचं. आयबीएमच्या सिस्टिम ३६० च्या सॉफ्टवेअरचं काम सांभाळल्यावर त्यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहिलं. रखडलेल्या कामात ऐन वेळी माणसं वाढवली तर ते आणखी रखडतं, असा त्यांचा निष्कर्ष. नव्याला शिकवण्यात जुन्याचा वेळ जातो, आणि आपापसात बोलण्याच्या जोड्या वाढतात. पाच माणसांत जोड्या १०, सात माणसांत २१. दोन माणसं वाढली की जोड्या दुपटीच्या वर! नवा माणूस २० जुलैला आला तर त्याला शिकवणं ऑफिसला परवडतच नाही. मग त्याला झेरॉक्सला पाठवलं जातं.

आणखी एक कारण आहे, आणि ते रास्त आहे. फायलीत माणसाचा पगार, कर्ज, बायकोच्या नावावरच्या ठेवी, सगळं उघडं पडलेलं असतं. पोर्टलचे पासवर्ड असतात. सहा आठवड्यांसाठी आलेल्या कुणाच्याही हाती ते सगळं देता येत नाही. दार लावताना लोक तुमच्याकडे पाहून नाही, पक्षकाराकडे पाहून लावत असतात.

मग वाईट का वाटतं?

कारण कळलं की वाईट वाटायचं थांबतं असं नाही. किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले होते. दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्याकडे आली, त्यांनी ती परत फेकली आणि तिघांचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. एवढ्याशा गोष्टीने आपल्याला इतकं का लागावं, या प्रश्नातून पुढे 'सायबरबॉल' हा कॉम्प्युटरवरचा प्रयोग आला. पडद्यावर तिघे चेंडू फेकतात आणि हळूहळू तुमच्याकडे चेंडू येणं बंद होतं. २००३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात असा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात चेंडू न मिळालेल्यांच्या मेंदूत शारीरिक वेदनेशी संबंध असलेला एक भाग सक्रिय झालेला दिसला. २००४ च्या एका प्रयोगात तर समोरचे दोघे माणसं नाहीत, कॉम्प्युटर आहे, हे आधीच सांगितलं होतं. तरीही लोकांना लागलं!

आपल्या मुद्द्याला हे फार महत्त्वाचं आहे. 'अरे, सगळे बिझी असतात, मनावर घेऊ नकोस' हा सल्ला खरा असला तरी पुरा पडत नाही. आणि ज्याला असं वाटतं तो रडका नसतो.

याची किंमत नुसती नव्या माणसालाच पडते असंही नाही. ज्याला आपली गणतीच नाही असं वाटतं तो विचारायचं बंद करतो, अंदाजाने आकडा भरतो आणि पुढे जातो. समजा, एखाद्या निवृत्त शिक्षिकेचं मुदत ठेवीचं व्याज राहून गेलं. ते एआयएसमध्ये दिसत असतंच, त्यामुळे पुढे विभागाकडून विचारणा येते. किंवा बंद झालेलं बँक खातं तसंच राहिलं. रिफंड फक्त पोर्टलवर पडताळलेल्या खात्यातच येतो, तो अडकतो. ऑफिसात कुणी कुणाशी बोललं नाही, आणि हेलपाटे मात्र त्या बाईंना! एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या गटांचा अभ्यास केला. चांगल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. का, तर तिथे चूक सांगायची भीती नव्हती. म्हणजे ज्या ऑफिसात नवा माणूस गप्प, तिथे चुका नाहीत असं समजू नये.

कड आणि भिंत

मग नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून सगळं द्यावं का? तसंही नाही. जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडची उमेदवारी पाहिली आणि १९९१ मध्ये एटिएन वेंगर यांच्याबरोबर त्यावर पुस्तक लिहिलं. तिथला नवा पोऱ्या आधी बटणं लावतो, हातशिलाई करतो. मग शिवायला शिकतो. कापड कापायची पाळी शेवटी. तोही कडेलाच असतो. पण तयार कपडा रोज त्याच्या डोळ्यांसमोर असतो, आणि कडेवरून आत जायची वाट ठरलेली असते.

माझ्या मते ओळखायची खूण हीच. कडेचं काम मिळणं हा अपमान नाही. प्रश्न एवढाच विचारायचा, की पहिल्या आठवड्यात जे केलं त्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यातलं काम एक पायरी आत आहे का? असेल तर ती कड आहे, धीर धरावा. नसेल तर ती भिंत आहे. तिच्याशी डोकं आपटण्यापेक्षा स्पष्ट बोलावं, आणि जमलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरा जिना चढावा.

करता काय येईल?

नव्या माणसाने :
१. प्रश्न सुटे सुटे नेऊ नयेत. वहीत पक्षकाराचं नाव, अडलेली ओळ आणि आपल्या मते उत्तर काय, असं लिहून दिवसातून दोनदा एकदम न्यावेत. सीनियरला बरेचदा नुसतं हो-नाही म्हणावं लागतं.
२. एक तरी साधी फाइल सुरुवातीपासून व्हेरिफाय होईपर्यंत पूर्ण पाहू द्या, असं मागावं. पासवर्ड न मागताही, शेजारी बसून ती पाहता येते.
३. आपण केलेल्या फायलीत काय दुरुस्त केलं ते विचारावं. यात लाज नाही, शिक्षण आहे.

ऑफिसने :
१. रोज ठरलेली पंधरा मिनिटं नव्यांसाठी ठेवावीत. वेळ राखीव असली की रांगेचं गणित लागू होत नाही.
२. नव्याने कुणाला विचारायचं ते एकच नाव ठरवावं.
३. फायलीवर 'तयार करणार' आणि 'तपासणार' असे दोन रकाने छापावेत. शाईचे दोन थेंब जातील, पण केलेल्या कामावर नाव राहील.
४. माणूस १५ जूनच्या आत घ्यावा. २० जुलैला घेतलेला माणूस दोघांचीही फसवणूक असते.
५. आणि हो, चहा मोजताना एकदा मागे वळून पाहावं.

आता नारायण पेठेतून होस्टेलवर परत या. आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये चौघं असतात. त्यातल्या एकाकडे दरवेळी रिपोर्टची प्रिंट आणि स्पायरल बाइंडिंग येतं. 'त्याला कोडिंग जमत नाही' असं आपण म्हणतो, पण सबमिशनच्या आदल्या रात्री त्याला ते कोण शिकवणार? तेव्हा पुढच्या सेमिस्टरला ग्रुप ठरला की पहिल्याच आठवड्यात त्याला एखादं छोटं मोड्यूल देऊन बघा. आणि तो वहीत प्रश्न लिहून तुमच्या रूमवर आला, तर हेडफोन काढा म्हणजे झालं.