मांधाता बेटाची नौकासफर : थोडी माहिती, थोडी खबरदारी



इंदूरच्या मराठी घरात 'चला, ओंकारेश्वरला जाऊन येऊ' हे वाक्य वर्षातून एकदा तरी ऐकू येतेच. पाहुणे आले, लग्नानंतरचे देवदर्शन राहिले, परीक्षा संपल्या, कारण काहीही असो. सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्का असा साधारण ८० किलोमीटरचा रस्ता. सोबत पुरी-भाजीचा डबा आणि सेवेची पुडी. दर्शन झाले की मुलांचा एकच हट्ट असतो : 'आता नावेत बसू या!'

गेल्या हिवाळ्यात आमच्या दोन कुटुंबांची मिळून नऊ माणसे अशीच गेली होती. त्या दिवशी जे पाहिले, त्यातून काही प्रश्न पडले. त्यांची उत्तरे शोधताना जे समजले, ते आपल्यापुढे ठेवतो आहे.

बेट कसे तयार झाले?

आपल्यापैकी अनेकांना हे लक्षातच येत नाही की ओंकारेश्वराचे मंदिर एका बेटावर आहे. पुलावरून चालत गेले की नदी ओलांडली एवढेच वाटते. परंतु नर्मदेचे दोन प्रवाह एका डोंगराला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे पुन्हा एक होतात. मधला डोंगर म्हणजे मांधाता. इक्ष्वाकु कुळातील मांधाता राजाने येथे तप केले, अशी कथा आहे. दक्षिण तीरावर ममलेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. ओंकारेश्वर आणि ममलेश्वर या दोन्हींचे दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असे मानतात.

उत्तरेकडच्या प्रवाहाला तेथील लोक 'कावेरी' म्हणतात. ही दक्षिणेतील कावेरी नव्हे. खंडव्याच्या बाजूने येणारी ही छोटी नदी बेटाच्या थोडे वर नर्मदेला दक्षिणेकडून मिळते. श्रद्धा अशी की, ती नर्मदेच्या पाण्यात न मिसळता तशीच पलीकडे जाते, बेटाच्या उत्तरेने वाहते आणि पश्चिम टोकाला नर्मदेला पुन्हा भेटते. म्हणून एकाच ठिकाणी दोन संगम! भूगोलाच्या दृष्टीने उत्तरेचा प्रवाह हा नर्मदेचाच फाटा आहे. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात. एक श्रद्धा म्हणून, दुसरी शास्त्र म्हणून.

बेटाची पायी परिक्रमा सुमारे ७ किलोमीटरची आहे. ज्यांना चालवत नाही ते नावेने संगमापर्यंत जाऊन येतात. नावेतून बेटाचे कडे खालून दिसतात, घाटांच्या पायऱ्या दिसतात आणि डोंगरावर २०२३ मध्ये उभारलेली आदि शंकराचार्यांची १०८ फूट उंच मूर्तीही दिसते. पुढे हीच नर्मदा अहिल्यादेवींच्या महेश्वरला जाते. इंदूरच्या मुलांना यापेक्षा चांगला इतिहास-भूगोलाचा तास कुठे मिळणार?

आमच्या नावेत काय झाले?

नाववाल्या भैयांनी फळीखालून लाइफ जॅकेटे काढली. माणसे नऊ, जॅकेटे सहा. ती दमट होती आणि दोघांच्या बंदाचे हूक तुटलेले होते. आजी म्हणाल्या, 'अरे, माईच्या कुशीत जायचं आणि हे कसलं बांधता? मुलांना घाला, मला नको.' मोठ्या माणसांनीही 'आपल्याला पोहता येतं' म्हणून हात झटकले. मुलांना जॅकेटे मिळाली, पण ती मोठ्यांच्या मापाची. माझी सात वर्षांची पुतणी हात वर करी तेव्हा जॅकेट तिच्या कानांपर्यंत सरके. आम्ही सगळे हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

निघताना चपला घाटाच्या अगदी खालच्या कोरड्या पायरीवर ठेवल्या होत्या. तासाभराने परत आलो तर ती पायरी दिसेना! तिच्या वरच्या दोन पायऱ्याही पाण्याखाली. चपला केव्हाच महेश्वरच्या दिशेने निघून गेल्या होत्या. आकाश निरभ्र, पावसाचा थेंब नाही. मग पाणी आले कुठून?

नाववाले भैया शांतपणे म्हणाले, 'भोंगा बजा था ना, साहब. आपने सुना नहीं?' आम्ही ऐकला होता. पण कोणीतरी 'कारखान्याचा असेल' म्हणाले आणि विषय संपला.

पाऊस नसताना पाणी का वाढते?

बेटाच्या अगदी जवळ, वरच्या अंगाला ओंकारेश्वर धरण आहे. त्याच्याही वर पुनासाजवळ इंदिरा सागर धरण आहे. पाणी साठवण्याच्या क्षमतेत ते देशातील सर्वांत मोठे. इंदिरा सागरची वीजनिर्मिती क्षमता १००० मेगावॅट, तर ओंकारेश्वरची ५२० मेगावॅट, म्हणजे ६५ मेगावॅटचे आठ संच.

विजेची मागणी दिवसभर सारखी नसते. सकाळी आणि संध्याकाळी ती वाढते. पाण्यावर चालणारे संच काही मिनिटांत सुरू करता येतात, म्हणून मागणी वाढली की ते चालवतात. संच सुरू झाला की त्यातून गेलेले पाणी खाली नदीत येते. म्हणजेच आपल्या घरी संध्याकाळी दिवे लागतात, तेव्हा मांधात्याच्या घाटावर पाणी चढू शकते. त्याचा पावसाशी काही संबंध नाही.

किती पाणी? आठवी-नववीच्या मुलांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. धरणाच्या वरच्या आणि खालच्या पाण्याच्या पातळीत साधारण ३० मीटरचा फरक धरू. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलो. ते ३० मीटर खाली आले तर १००० × ९.८ × ३०, म्हणजे जवळजवळ ३ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. ६५ मेगावॅट म्हणजे दर सेकंदाला ६५० लाख ज्यूल. ६५० ला ३ ने भागा. उत्तर येते २०० घनमीटरहून अधिक, आणि वाटेत थोडी ऊर्जा वाया जातेच, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. म्हणजे एका संचामागे दर सेकंदाला २ लाख लिटरांपेक्षा जास्त पाणी! आपल्या गल्लीत उन्हाळ्यात येणारा १० हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे वीसहून अधिक टँकर प्रत्येक सेकंदाला नदीत रिकामे होत आहेत, असे समजा. आणि संच आठ आहेत.

म्हणून पाणी सोडण्यापूर्वी भोंगा वाजवतात. तो कारखान्याचा भोंगा नव्हे. त्याचा अर्थ एकच : खडकांवरून उठा, वरच्या पायऱ्यांवर या.

या गोष्टीकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे आपल्याच भागाने पाहिले आहे. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यातील धाराजी येथे भूतडी अमावास्येच्या मेळ्यासाठी हजारो लोक नर्मदेच्या काठावर आणि पात्रातील खडकांवर जमले होते. गुढीपाडवा दोन दिवसांवर होता. वरून इंदिरा सागर धरणातून आलेले पाणी अंधारात अचानक चढले आणि ६० हून अधिक माणसे प्राणाला मुकली. पूर नव्हता, वादळ नव्हते. पाणी सोडण्याची वेळ आणि मेळ्याची गर्दी यांचा ताळमेळ नव्हता, एवढेच.

पावसाळ्यात तर गोष्टच वेगळी. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही धरणांतून मोठ्या प्रमाणात पाणी सोडावे लागले, तेव्हा मोरटक्क्याचा पूलही वाहतुकीसाठी बंद ठेवावा लागला होता. अशा दिवसांत घाटाजवळसुद्धा जाऊ नये.

नाव का उलटते? जॅकेट काय करते?

नाव स्थिर राहते ती भार खाली आणि मध्यभागी असतो म्हणून. बसलेला माणूस उभा राहिला की भार वर सरकतो. दहा माणसे फोटोसाठी एका बाजूला सरकली की भार एका काठावर येतो. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या तर चांगली मजबूत नावसुद्धा कलंडू शकते. म्हणून नाववाला 'बैठे रहो' म्हणतो तेव्हा तो रागावत नसतो, तो विज्ञान सांगत असतो.

आता जॅकेटचे. माणसाचे शरीर पाण्यापेक्षा फारसे जड नसते. पाण्यात डोके वर ठेवण्यासाठी मोठ्या माणसालाही साधारण ३ ते ५ किलो एवढाच जास्तीचा आधार लागतो. तेवढा आधार जॅकेटमधील फोम देतो. पण तो शरीराला घट्ट बांधलेला असला तरच! सैल जॅकेट पाण्यात स्वतः वर येते आणि माणूस खालीच राहतो. घरी पाहण्याची सोपी रीत अशी : मुलाला जॅकेट घाला, सगळे बंद बांधा आणि खांद्याजवळ धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत गेले तर ते त्याच्या मापाचे नाही.

'मला पोहता येते' हे उत्तरही पुरेसे नाही. तरणतलावात पोहणे वेगळे आणि साडी किंवा स्वेटर घालून, थंड पाण्यात, प्रवाहाविरुद्ध पोहणे वेगळे. शिवाय बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्याबाहेर ठेवण्यातच त्याची शक्ती जाते, म्हणून तो बहुधा गप्प असतो. त्याच्यामागे उडी न मारता दोर, काठी, ओढणी, रिकामा प्लास्टिकचा डबा, जे हाती लागेल ते त्याच्याकडे टाकावे.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी नौकेला नौदलाची वेगवान बोट धडकली. १५ जणांचा मृत्यू झाला. त्या नौकेतही सहलीला निघालेली कुटुंबेच होती. अपघात आपल्या चुकीनेच होतो असे नाही, म्हणून तर तयारी आधी लागते.

मोठ्या जहाजांवर काय करतात?

माझी चुलत बहीण अमेरिकेत असते. मागे ती मुलांना घेऊन कॅरिबियन समुद्रातील बेटांच्या जलसफरीवर गेली होती. तिने सांगितले की, जहाजावर गेल्यावर आधी कवायत! धोक्याचा भोंगा कसा वाजतो, कोणी कुठे जमायचे, जॅकेट कसे घालायचे, हे सर्व समजून घेतल्यावरच खाणेपिणे आणि मौज. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर जगातील देशांनी एकत्र येऊन जहाजांसाठी नियम केले. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जहाज कलंडल्यावर ते आणखी कडक झाले. आता ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते.

हजारो माणसांच्या जहाजाला जे शिस्तीने करावे लागते, ते आपल्या दहा माणसांच्या नावेत दोन मिनिटांत होते. फक्त ते करायचे ठरवले पाहिजे.

पालक आणि विश्वस्त मंडळींना विनंती

शाळेची सहल दरवर्षी निघते आणि नर्मदेकाठी जाण्याचा विषयही निघतो. माझी नम्र सूचना आहे की, पुढील गोष्टी शाळेने लेखी नियम म्हणून स्वीकाराव्यात. पालकांनीही कौटुंबिक सहलीत त्या पाळाव्यात.

१. जितकी माणसे तितकी जॅकेटे. एक जरी कमी असेल तर दुसरी नाव पाहावी किंवा दोन फेऱ्या कराव्यात.
२. मुलांच्या मापाची जॅकेटे घाटावर मिळतीलच असे नाही. शाळेने थोडी स्वतः घेऊन ठेवावीत. ती इच्छुक कुटुंबांनाही देता येतील.
३. जॅकेट शिक्षकांनी आणि आजी-आजोबांनीही घालावे. मुले मोठ्यांकडे पाहूनच शिकतात.
४. पोहोचल्यावर आधी विचारावे : आज पाणी सुटणार आहे का? भोंगा कसा वाजतो?
५. पात्रातील खडकांवर डबा उघडून बसू नये. सामान आणि चपला वरच्या पायरीवर ठेवाव्यात.
६. अंधार पडल्यावर, जोराच्या वाऱ्यात आणि पावसाळ्यात नावेत बसू नये.
७. नावेत चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर मुलांची मोजणी करावी.

यात खर्च फार नाही. 'आजवर काही झालं नाही' हे वाक्य तेवढे सोडावे लागेल.

आमच्या आजींचे सांगायचे राहिले. चपला वाहून गेल्या, तेव्हा त्या अनवाणी घाटावर उभ्या राहून बराच वेळ पाण्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, 'माईनं चपला नेल्या, माणसं ठेवली. पुढच्या वेळी मलापण ते जाकीट द्या रे.' महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो. नऊ माणसे, नऊ जॅकेटे. आजींनी केशरी जॅकेट नऊवारीवर घट्ट बांधून घेतले आणि नाव सुटताना सर्वांत मोठ्याने म्हणाल्या, 'नर्मदे हर!'