बुद्धिमापनाची सरकती फूटपट्टी

थर्मामीटर बदलला म्हणून रोग्याचा ताप बदलत नाही. बुद्धिगुणांकाचे मात्र तसे नाही. एकाच मुलाला चाचणीची जुनी आवृत्ती दिली तर ७३ आणि नवी दिली तर ६८, असे घडू शकते. मूल तेच!

असे का व्हावे? लांबी मोजायला मीटर असतो. बुद्धिगुणांक म्हणजे समवयस्कांच्या तुलनेतले स्थान. डेव्हिड वेक्स्लर यांची मुलांसाठीची चाचणी अमेरिकेत १९४९ मध्ये निघाली. तिच्यात प्रत्येक वयाच्या मुलांची सरासरी १०० धरली व प्रमाण विचलन १५ ठेवले. दोन विचलने खाली उतरलो की ७० येतात. शंभरांतील सुमारे दोन मुले या रेषेखाली असतात.

पुढे १९७४, १९९१, २००३ व २०१४ मध्ये नव्या आवृत्त्या आल्या. दर वेळी नव्या मुलांची सरासरी काढून तिलाच पुन्हा १०० म्हटले. पण मधल्या काळात मुले असे प्रश्न अधिक सोडवू लागली होती. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवले, की अमेरिकेत ही वाढ दशकाला सुमारे ३ गुणांची आहे. म्हणजे पहिली आवृत्ती पंचवीस वर्षांत ७-८ गुणांनी सैल झाली! नवी आवृत्ती येताच ७० च्या आसपासची कित्येक मुले रेषेच्या खाली जातात. विशेष वर्ग, मदत, सवलती यांचा निर्णय त्या रेषेवर होत असेल, तर हे पाच गुण किरकोळ नव्हेत.

आणखी एक अडचण आहे. १९७४ च्या आवृत्तीसाठी अकरा वयांची प्रत्येकी २०० मुले तपासली होती. त्यांतील दोन टक्के म्हणजे एका वयाची चार-पाच मुले. जिथे अचूकता सर्वांत जास्त हवी, तिथेच पट्टीवरच्या खुणा इतक्या थोड्या मुलांवरून पाडलेल्या! शिवाय पट्टी ४० च्या जवळ संपते. त्याखालच्या मुलांमधील फरक ती दाखवत नाही. म्हणून तज्ज्ञ आता कपडे घालणे, पैसे हाताळणे, बोलणे-चालणे हेही तपासतात. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवे होते.

आपल्याकडे कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांची चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी बसवली. ती पुढे कित्येक दशके वापरात राहिली. दशकाला ३ गुण हा अमेरिकेतला आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. पण तो धरून पन्नास वर्षांचा हिशेब मांडून पाहा.