अंकीय ध्वनिमुद्रण : दर्जा व साठवण

ध्वनितरंगाचे ठराविक कालांतराने मापन करून मिळालेली मूल्ये अंकांच्या रूपात साठविण्याच्या पद्धतीस अंकीय ध्वनिमुद्रण म्हणतात. मुद्रणाचा दर्जा व त्यास लागणारी जागा मुख्यत्वे दोन राशींवर अवलंबून असतात : दर सेकंदास घेतलेल्या नमुन्यांची संख्या (नमुनादर) आणि प्रत्येक नमुना व्यक्त करणाऱ्या द्विमान अंकांची (बिटांची) संख्या.

ज्या कमाल कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येचे) मुद्रण करावयाचे, तिच्या दुपटीहून नमुनादर अधिक असावा लागतो. माणसास सु. २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. म्हणून १९८२ साली विक्रीस आलेल्या सीडीसाठी ४४,१०० हर्ट्‌झ हा दर ठरविण्यात आला. प्रत्येक वाढीव बिटामुळे मुद्रित होऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या व सर्वांत क्षीण ध्वनींतील अंतर सु. ६ डेसिबेलांनी वाढते. सीडीच्या १६ बिटांस ते सु. ९६ डेसिबेल असते. नमुनादर, बिटसंख्या व मार्गसंख्या यांच्या गुणाकारावरून लागणारी जागा काढता येते. सीडीच्या दर्जाच्या द्विमार्गी (स्टिरिओ) मुद्रणास तासाला सु. ६३.५ कोटी बाइट (१ बाइट = ८ बिट) लागतात.

दर्जा व साठवण यांचा मेळ घालताना मूळ प्रत व वापरावयाची प्रत यांत भेद करणे आवश्यक असते. नाशिक येथे जन्मलेले गायक द. वि. पलुसकर (१९२१–५५) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. वयाच्या ३४ व्या वर्षी ते निवर्तल्याने त्यांचे गायन मुख्यत्वे मिनिटास ७८ फेऱ्यांच्या तबकड्या व आकाशवाणीच्या फिती यांत राहिले. अशा तबकडीची एक बाजू सु. साडेतीन मिनिटे वाजते. ती ९६,००० हर्ट्‌झ व २४ बिट या मानाने एकमार्गी मुद्रित केल्यास सु. ६ कोटी बाइट लागतात. सेकंदास १,२८,००० बिटांच्या एमपी ३ प्रतीस सु. ३४ लाख बाइट पुरतात. तथापि एमपी ३ पद्धतीत मोठ्या ध्वनीखाली झाकले जाणारे सूक्ष्म ध्वनी वगळले जातात. तबकडीची खरखरही संगीताबरोबरच बिटांचा वाटा घेते. वगळलेला भाग नंतर परत मिळविता येत नाही. उलट उच्च दराच्या प्रतीत ओरखड्यांचे क्षणिक आवाज स्पष्टपणे वेगळे दिसतात व ते काढणे सुकर होते.

जतनासाठी किमान ४८,००० हर्ट्‌झ व २४ बिट हे मान आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रहांत शिफारसप्राप्त आहे. प्रत्यक्ष मैफलीतही २४ बिट उपयुक्त ठरतात. ध्वनी कमाल पातळी ओलांडू लागल्यास तरंगाची शिखरे छाटली जातात. अधिक बिटांमुळे पातळी कमी ठेवूनही क्षीण स्वर सुरक्षित राहतात. जागा वाचवावयाची झाल्यास फ्लॅकसारखे अक्षय संकोचन वापरावे. त्यात काहीही न गमावता आकार साधारणतः निम्मा होतो. भाषणे व मुलाखती एकमार्गी मुद्रित केल्यास द्विमार्गीच्या निम्मी जागा पुरते. ऐकण्यासाठी लहान प्रती मूळ प्रतीवरून केव्हाही करता येतात. लहान प्रतीवरून मूळ प्रत मात्र कधीही करता येत नाही.